पेटंटची फी: १६०० रुपये, दोनदा कापलेले पैसे आणि परत आलेले ३६००

गेल्या आठवड्यात आमच्या शेजारच्या गाळ्यातले काका आले होते चहाला, आणि बोलता बोलता म्हणाले, ताई तुमच्या भावाने पेटंट घेतलंय ना, लाखभर तरी सरकारला भरावे लागले असतील, आपल्याला कुठे परवडणार. मी कपाटातून फाईल काढून त्यांच्यासमोर ठेवली आणि एकेक पावती दाखवली. काका बराच वेळ गप्प बसले. त्यांनी स्वतः ड्रिलिंगचं एक फिक्स्चर बनवलंय, खरोखर डोकं लावून बनवलंय, आणि फक्त फीच्या भीतीने तीन वर्षं कुणाला विचारलंसुद्धा नाही. तेव्हापासून मनात होतं की हे सगळं एकदा लिहून काढायचं.

आमचं सांगते. धाकट्या भावाचं भोसरी एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं छोटं शॉप आहे, मी त्याचे अकाउंट्स बघते. त्याने उसाचे डोळे काढायच्या मशीनसाठी एक क्लॅम्प बनवला, म्हणजे कांडी वाकडी असली तरी ती घट्ट धरून ठेवते आणि डोळा अख्खा निघतो, फुटत नाही. रोपवाटिकावाल्यांना आवडला. मग कुणीतरी म्हणालं पेटंट करून टाका. पहिल्यांदा ज्यांच्याकडे गेलो (नाव घेत नाही) त्यांनी कोटेशन दिलं त्यात सरकारी फी म्हणून अर्जाचे ८००० आणि तपासणीचे (म्हणजे ऑफिस अर्ज तपासून बघतं त्याचे) २०००० लिहिले होते. भाऊ तर तिथेच खचला. पण मला अकाउंट्सच्या सवयीमुळे एक प्रश्न पडला की हा आकडा आला कुठून, कोणत्या तक्त्यातून.

तो तक्ता आहे आणि तो सगळ्यांसाठी उघडा आहे. पेटंट रूल्स २००३ च्या शेवटी पहिलं परिशिष्ट आहे त्यात प्रत्येक फॉर्मसमोर फी दिलीय. मुख्य रकाने दोन. एकात नॅचरल पर्सन म्हणजे साधी व्यक्ती, स्टार्टअप, स्मॉल एंटिटी म्हणजे छोटा उद्योग, आणि शैक्षणिक संस्था. दुसऱ्यात बाकीचे सगळे. दुसऱ्या रकान्यातली फी बहुतेक ठिकाणी पहिल्याच्या पाचपट. अर्ज ऑनलाइन भरला तर पहिल्या रकान्यात १६००, दुसऱ्यात ८०००. तपासणीची विनंती म्हणजे फॉर्म १८, ४००० की २००००. कोटेशन दुसऱ्या रकान्यातलं होतं! कारण त्यांनी अर्जदार म्हणून शॉपचं नाव टाकलं होतं, आणि आमचं शॉप आहे प्रोप्रायटरशिप. प्रोप्रायटरशिप म्हणजे कायद्याने वेगळं कुणी नसतंच, भाऊच तो. त्याच्या स्वतःच्या नावाने अर्ज केला की १६००. पुढे मग आम्ही दुसऱ्या एका पेटंट एजंट मॅडमकडे गेलो आणि त्यांनी पहिल्या भेटीतच हे विचारलं, तुमची फर्म कशी रजिस्टर आहे ते आधी सांगा.

प्रायव्हेट लिमिटेड असेल तरी घाबरू नका. उद्यम रजिस्ट्रेशन असेल तर स्मॉल एंटिटी म्हणून फॉर्म २८ (कमी फी मागायचा फॉर्म) सोबत ते सर्टिफिकेट जोडायचं, स्टार्टअप असेल तर डीपीआयआयटीचं, म्हणजे केंद्राच्या उद्योग खात्याचं, सर्टिफिकेट जोडायचं, की पहिल्याच रकान्यात बसता. हे नेहमी असं नव्हतं. स्मॉल एंटिटीची फी आधी मधली कुठेतरी होती, नोव्हेंबर २०२० मध्ये ती व्यक्तीच्या बरोबरीला आणली. कॉलेजांना सप्टेंबर २०२१ पर्यंत पाचपट भरावे लागायचे, तेव्हा नियम बदलला आणि ८० टक्के सूट मिळाली. माझ्या मैत्रिणीची मुलगी इंजिनिअरिंगला आहे, तिच्या ग्रुपला सीनियर्सनी सांगितलं होतं की कॉलेजच्या नावाने केलं तर ८००० लागतात म्हणून मुलांनी विषयच सोडून दिला होता, मी सांगितलं बाळांनो आता १६०० आहे, फॉर्म २८ लावा आणि कॉलेजचा पुरावा जोडा. जुनी माहिती अशी तोंडातोंडी वर्षानुवर्षं फिरत राहते आणि चांगली पोरं मागे फिरतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता १६०० म्हणजे सगळं झालं असंही नाही. त्यात ३० पानं आणि १० क्लेम्स बसतात. क्लेम म्हणजे नेमक्या कशावर हक्क सांगतोय ते वाक्य. त्याच्या वर प्रत्येक पानाला १६० आणि प्रत्येक क्लेमला ३२०. ड्रॉइंगची पानंही मोजतात, हे लोक विसरतात. आमचं स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं लेखी वर्णन, ३८ पानांचं झालं आणि क्लेम्स १४. म्हणजे जादा ८ पानांचे १२८० आणि जादा ४ क्लेम्सचे पण योगायोगाने १२८०, एकूण २५६० जास्तीचे. मॅडम म्हणाल्या फॉन्ट बारीक करून पानं वाचवायच्या नादी लागू नका, पण एकच गोष्ट तीन क्लेम्समध्ये फिरवून लिहिली असेल तर ती नक्की काढू. भावाचे आधी १९ क्लेम्स होते, १४ वर आले.

आणि हो, कागदावर अर्ज दिला तर फी साधारण दहा टक्के जास्त, १६०० चे १७५०. आमचे अण्णा म्हणत होते की डीडी काढू आणि मी स्वतः जाऊन देऊन येतो. पुण्याचा अर्ज मुंबईच्या पेटंट ऑफिसकडे जातो, ते अँटॉप हिलला आहे, बौद्धिक संपदा भवन. सकाळी डेक्कन क्वीनने दादर आणि तिथून टॅक्सी, अण्णांनी सगळं ठरवलं होतं. त्यांना समजावलं की घरबसल्या होतं आणि स्वस्तातही होतं.

आता ज्या रात्रीमुळे हे सगळं मला नीट कळलं ती रात्र.

आम्ही आधी प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता अर्ज केला होता, १९ जुलै २०२१ ला. प्रोव्हिजनल केल्यापासून १२ महिन्यांच्या आत कम्प्लीट स्पेसिफिकेशन द्यावं लागतं, नाही दिलं तर अर्ज सोडून दिला असं धरतात, म्हणजे वर्षभरापूर्वी मिळालेली अर्जाची तारीख हातातून गेली. आमची ड्रॉइंग्ज शेवटपर्यंत बदलत राहिली, भाऊ रोज नवीन काहीतरी सुधारून आणायचा, आणि करता करता १९ जुलै २०२२ ची रात्र उजाडली. कम्प्लीटला वेगळी अर्जफी नसते, फक्त जादा पानं आणि क्लेम्सचे पैसे, म्हणजे आमचे ते २५६०. मॅडमनी सगळं अपलोड केलं, साडेदहाला पेमेंटला आलो, पेमेंट भारतकोश या सरकारी पोर्टलवरून होतं, माझ्या नेटबँकिंगमधून भरले. बँकेचा मेसेज आला पैसे कापल्याचा. स्क्रीनवर मात्र गोल गोल फिरत राहिलं आणि मग पान एकदम पांढरं. पावती नाही. सीबीआर नंबर नाही.

सीबीआर म्हणजे कॅश बुक रिसिट, पेटंटच्या कामात सगळे तोच शब्द वापरतात. तो नंबर आला म्हणजे फी ऑफिसच्या वहीत पडली. कायद्याच्या कलम १४२ मध्ये स्पष्ट आहे की ज्या कागदाला फी आहे तो फीसकट वेळेत आला नाही तर तो दाखलच झाला नाही असं धरतात. तुमच्या बँकेतून पैसे गेले का नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. मला तेव्हा कलम वगैरे माहीत नव्हतं, मॅडमनी फोनवर एवढंच सांगितलं की ताई, बारा वाजायच्या आत सीबीआर पाहिजे. माझे हात थंड पडले होते. भाऊ बाजूला उभा, तो काहीच बोलत नव्हता, फक्त त्या क्लॅम्पचा एक तुकडा हातात घेऊन फिरवत होता. अकरा वाजून गेले, पैसे परत आले नाहीत, पावतीही आली नाही, आणि मी निर्णय घेतला की दुसऱ्यांदा भरायचे. दुसऱ्या बँकेच्या खात्यातून भरले, पावणेबाराला सीबीआर आला आणि मी खुर्चीतच रडायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भारतकोशवर ट्रान्झॅक्शन तपासलं तर पहिलं पेमेंटही सक्सेसफुल दाखवत होतं. म्हणजे एकाच कामाचे दोनदा २५६०. आणि इथे रिफंडची गोष्ट सुरू होते.

पेटंटच्या नियमात, नियम ७ मध्ये, साफ लिहिलंय की एकदा भरलेली फी सहसा परत मिळत नाही, ते काम पुढे झालं असो वा नसो. वाचताना कडू वाटतं. पण त्याच नियमाला एक जोड आहे, की ऑनलाइन भरताना एकाच कामासाठी फी एकापेक्षा जास्त वेळा भरली गेलीय अशी कंट्रोलरची, म्हणजे पेटंट ऑफिसच्या अधिकाऱ्याची, खात्री पटली तर जादाची फी परत करायची. हाच आमचा प्रसंग. खात्री पटली पाहिजे हे शब्द महत्त्वाचे, खात्री कागदाने पटते. मी दोन्ही बँकांची स्टेटमेंट्स, दोन्ही भारतकोश ट्रान्झॅक्शन आयडी, सीबीआरची पावती आणि वेळेनुसार काय काय झालं ते एका पानात लिहून दिलं, अर्ज नंबर वर ठळक टाकला. मॅडम म्हणाल्या एवढं व्यवस्थित पत्र क्लायंटकडून पहिल्यांदाच येतंय. वाट बघावी लागली, पण पैसे खात्यात आले. त्या रात्री मी स्क्रीनशॉट काढले नसते, मेसेज डिलीट केले असते, तर मला ते पत्र तसं लिहिता आलं नसतं. त्यामुळे मी सगळ्यांना एकच सांगते की पेमेंटच्या प्रत्येक पायरीचा फोटो ठेवा आणि शेवटच्या दिवसाच्या निदान आठवडाभर आधी भरा, आणि शेवटच्या दिवशी अडकलाच तर पैशाकडे बघू नका, दुसऱ्यांदा भरा, जादाचे पैसे मागता येतात, गेलेली तारीख मागता येत नाही.

चुकून मोठ्या रकान्यातली फी भरली, किंवा नको असलेला फॉर्म भरला, किंवा नंतर विचार बदलला, हे या सवलतीत बसत नाही. तिथे 'सहसा परत नाही' हाच नियम उभा राहतो. 

परत मिळायचा दुसरा रस्ता आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे. भावाने जून २०२४ मध्ये दुसरा अर्ज केला, उसाची रोपं ट्रेमध्ये लावायच्या एका यंत्रणेचा. या वेळी उत्साहात त्याच दिवशी तपासणीचे ४००० पण भरून टाकले. डिसेंबरमध्ये मोशीला किसान प्रदर्शनाला गेलो, आणि एका स्टॉलवर बघतो तर काय, जवळपास तीच यंत्रणा, आणि तो माणूस सांगतोय की आम्ही चार वर्षं विकतोय. भावाने तिथे उभं राहून अर्धा तास ते मशीन बघितलं, खाली वाकून, मागून, सगळीकडून. परत येताना गाडीत म्हणाला, ताई, आपलं नवीन नाहीये. मला त्याचा अभिमान वाटला, इतकं सरळ मान्य करणं सोपं नसतं.

मॅडमना विचारलं तर त्यांनी सांगितलं की फॉर्म २९ भरून अर्ज मागे घ्या. या फॉर्मला फी नाही. आणि पहिला तपासणी अहवाल, ज्याला सगळे एफईआर म्हणतात, तो निघायच्या आत अर्ज मागे घेतला तर तपासणीच्या फीपैकी ९० टक्क्यांपर्यंत परत मागता येते. हे २०१६ पासून नियमात आहे. ४००० चे ३६००. अर्जाचे १६०० मात्र गेले ते गेलेच. शिवाय १५ महिन्यांच्या आत मागे घेतला तर अर्ज प्रसिद्धच होत नाही, कारण प्रसिद्धी १८ महिन्यांनी होते आणि तिच्या तीन महिने आधी मागे घेतलेला अर्ज छापत नाहीत. आम्ही सहाव्या-सातव्या महिन्यातच मागे घेतला त्यामुळे भावाच्या आतल्या काही कल्पना जगासमोर आल्या नाहीत, त्यातली एक त्याला अजून पुढे न्यायचीय. नियमात पर्यंत असा शब्द आहे त्यामुळे मी धाकधुकीतच होते, पण ३६०० आले.

यातून मी एक गोष्ट शिकले की तपासणीचे पैसे अर्जासोबतच भरायची सक्ती नाही. मार्च २०२४ नंतरच्या अर्जांना त्यासाठी ३१ महिने मिळतात, त्याआधीच्या अर्जांना ४८ महिने होते. आमचे हे दोन अर्ज म्हणजे दोन वेगळ्या मुदती, एक ४८ वाली आणि एक ३१ वाली, हा घोळ बऱ्याच जणांचा होतो कारण नेटवर अजून सगळीकडे ४८ लिहिलेलं असतं. पण लवकर भरलं तर रांगेत नंबर आधी लागतो हेही खरंय, कारण तपासणी विनंतीच्या क्रमाने घेतात. घाई असेल तर भरा, आणि आपलं नवीन आहे का याची शंका असेल तर आधी प्रदर्शनं, दुकानं, जुनी पेटंट्स सगळं पालथं घाला आणि मग भरा.

पहिलं पेटंट, म्हणजे क्लॅम्पचं, फेब्रुवारी २०२५ मध्ये मिळालं. सगळ्यांना वाटलं आता खर्च संपला, आणि खरं तर इथून वर्षाची फी सुरू होते. पेटंटचं वय अर्जाच्या तारखेपासून मोजतात, मिळाल्याच्या तारखेपासून नाही. पहिल्या दोन वर्षांना फी नाही, तिसऱ्या ते सहाव्या वर्षाला दरवर्षी ८००, सातव्या ते दहाव्याला २४००, अकराव्या ते पंधराव्याला ४८०० आणि सोळाव्या ते विसाव्याला ८०००, हे सगळं पहिल्या रकान्याचं. पूर्ण २० वर्षं चालवलं तर ७६८०० होतात, आणि मोठ्या कंपनीला ३८४०००. आमचं मिळेपर्यंत तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाची फी साठली होती, १६००, ती रजिस्टरमध्ये नोंद झाल्यापासून तीन महिन्यांत भरायची असते. भरली. मग पाचव्या वर्षाची जुलै २०२५ च्या आत. तेव्हा मॅडम म्हणाल्या की २०२४ च्या नियमांत निदान चार वर्षांची फी एकदम ऑनलाइन आगाऊ भरली तर १० टक्के सूट आहे. पाचवं ते आठवं, ८०० अधिक ८०० अधिक २४०० अधिक २४००, ६४००, सूट जाऊन ५७६०. ६४० रुपयांसाठी भाऊ म्हणाला कशाला अडकवायचे. मी म्हणलं ६४० साठी नाही, चार वर्षं तारीख चुकायची भीती नको म्हणून भरू.

कारण मी एक पेटंट गेलेलं जवळून बघितलंय. चाकणकडचे एक ओळखीचे, त्यांच्या पेटंटच्या फीची आठवण ज्या ईमेलवर यायची तो एका सोडून गेलेल्या माणसाचा होता. मुदत गेली, वरचे सहा महिने फॉर्म ४ भरून दरमहा ४८० रुपये जादा देऊन वाचवता येतात तेही गेले, आणि पेटंट बंद पडलं. बंद पडल्यापासून १८ महिन्यांत फॉर्म १५ करून ते परत उघडायचा अर्ज करता येतो, पण त्यांना कळलं तेव्हा तेही उलटून गेलं होतं. ८०० रुपयांची फी होती ती. ते चाकणचे गृहस्थ अजून भेटले की त्याचाच विषय काढतात, त्यांच्या डोळ्यात पाणी येतं.

पावत्यांबद्दल अजून एक, एजंटच्या बिलात सरकारी फी आणि त्यांची स्वतःची फी वेगवेगळी लिहून मागा. जीएसटी त्यांच्या फीवर लागतो, ऑफिसच्या पावतीवर जीएसटीची ओळ नसते. आणि प्रत्येक सीबीआरची कॉपी मागून घ्या, त्यात काही अपमान नाही, चांगले एजंट न मागता पाठवतात. पेटंट मिळाल्यानंतर तर ई-रजिस्टरवर कुणालाही दिसतं, कोणत्या वर्षाची फी कधी भरली आणि पुढची कधी आहे. मी दर सहा महिन्यांनी जाऊन बघते.

आता कराडकडच्या एका कंपनीने भावाला विचारलंय, पहिलं पेटंट नाही, भावाचा आणखी एक तिसरा अर्ज अजून चालू आहे तो विकत देता का म्हणून. भाऊ खूश होता, मी लगेच नियम काढला. व्यक्तीच्या नावाने चाललेला अर्ज व्यक्ती नसलेल्याला दिला तर दोन रकान्यांमधला फरक नव्या मालकाला भरावा लागतो. या अर्जात आतापर्यंत १६०० आणि ४००० भरलेत, ५६००, पाचपटीने २८०००, म्हणजे फरक २२४००. कंपनी उद्यमवाली छोटी असेल तर दोघं एकाच रकान्यात, फरक शून्य. स्टार्टअपचं वय संपलं किंवा उलाढाल वाढली म्हणून नंतर स्टार्टअप राहिला नाही तर मात्र फरक मागत नाहीत, ती सवलत नियमात लिहूनच दिलीय. मी भावाला सांगितलं की बोलणी करताना हा आकडा आधीच टेबलावर ठेव, नंतर निघाला तर मनं खट्टू होतात.

शेजारच्या काकांचा अर्ज पुढच्या महिन्यात करतोय. २२ पानं, ९ क्लेम्स, स्वतःच्या नावाने, १६०० मध्ये बसतंय. काल त्यांनी मला पहिलं ड्रॉइंग आणून दाखवलं, पेन्सिलने काढलेलं, मागे तारीख टाकून ठेवलेली. आणि आमच्या नवव्या वर्षाची फी जुलै २०२९ च्या आत आहे, ती भावाच्या फोनमध्ये, माझ्या फोनमध्ये आणि अण्णांनी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवलीय.